त्वरण, प्रवेग आणि तूर्तास

प्रश्न असा आला आहे: लेकीच्या नववीच्या पुस्तकात ‘त्वरण’, वडिलांच्या जुन्या वहीत ‘प्रवेग’. बरोबर कोणता? आणि ते काढताना बलाला वजनाने भागायचे की वस्तुमानाने?

दोन्ही शब्द चालतात, पण मी त्वरणवाला. ‘गाडीचा त्वरण ताशी ८० किलोमीटर’ असे पुन्हा ऐकले तर मात्र उठून जाईन. एक तर ‘तो’ नव्हे, ‘ते’ त्वरण. आणि ताशी ८० हा झाला वेग. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, म्हणून तर त्याच्या एककात सेकंद दोनदा येतो.

वाईच्या विश्वकोशाने ‘प्रवेग’ पत्करला. गुजरातीतही तोच आहे. पण ‘प्र’ लागून इथे अर्थ नुसता फुगतो, प्रखर-प्रचंडसारखा. संस्कृतात प्रवेग म्हणजे भरधाव वेग, बस्स. बदलाचा मागमूस नाही. विश्वकोशकारांसारख्या जाणत्यांनी हे कसे चालवून घेतले, देव जाणे.

त्वरणाचा धातू, म्हणजे संस्कृत क्रियापदाचे मूळ, ‘त्वर्’. धातुपाठात, म्हणजे अशा धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय ‘संभ्रमे’. आपला गोंधळलेला संभ्रम नव्हे; पाहुणे दारात आणि पोळ्या व्हायच्यात, तेव्हाची लगबग. त्यातूनच त्वरा, सत्वर आणि, हे मला फार आवडते, ‘तूर्त’! मुळात अर्थ ‘झटकन’. आणि आपण म्हणतो काय, तर ‘तूर्तास राहू द्या, पुढच्या आठवड्यात बघू.’ माझा तर्क असा की ‘आत्ता लगेच’मधले ‘लगेच’ गळाले, ‘आत्तापुरते’ उरले, आणि आत्तापुरते म्हटले की काम ढकलायला मोकळे. घोड्याचा ‘तुरग’ही याच गोतावळ्यातला. तुरुंगाला मात्र त्यात ओढू नका, तो पोर्तुगीजांकडून आलाय.

ब्रेक दाबल्यावरही त्वरण असतेच, मग त्वरा कुठली, असा आक्षेप घेतात. रास्त आहे. पुस्तके ‘ऋण त्वरण’ म्हणून सुटका करून घेतात.

हां, भागाकार राहिला. वस्तुमानानेच. मालासकट २०० किलोची उभी हातगाडी ढकललीत, घर्षण वजा जाता १०० न्यूटन बल उरले, तर १०० भागिले २००, म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेवढाच जोर टिकला तर चार सेकंदांनी वेग सेकंदाला २ मीटर. वाणी ज्याला किलोत ‘वजन’ म्हणतो ते खरे वस्तुमान. शास्त्रातले वजन हे स्वतःच बल. या गाडीचे ते सुमारे १,९६० न्यूटन. त्याने भागलेत तर ०.०५ येईल, आणि पुढे लिहायला एककच उरणार नाही.