दलच्या काठावर जाण्यापूर्वी

प्रिय,

डिसेंबरअखेर श्रीनगरला जायचं ठरवलंस, तेही फक्त दल सरोवराच्या फोटोंसाठी, हे बरं केलंस. 21 डिसेंबरला तिथे चिल्लई कलां सुरू होतो, म्हणजे कडक थंडीचे 40 दिवस. मात्र बर्फ पडेलच असं धरून जाऊ नकोस. कोरड्या थंडीत धुकं, गोठलेला काठ आणि मागे पांढरे डोंगर मिळतात. माझं मत विचारशील तर ताज्या बर्फापेक्षा असेच दिवस फोटोला जास्त देतात.

आधी दिशा समजून घे. पूर्वेला झबरवानची डोंगररांग आहे, पश्चिमेला हरी पर्बत आणि त्यावरचा किल्ला. त्या दिवसांत सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो, पण ऊन झबरवान ओलांडून पाण्यावर यायला आणखी वेळ लागतो. पलीकडचा किल्ला आधी उजळतो आणि जवळचे शिकारे (दलवरच्या छपराच्या नावा) निळ्या सावलीतच राहतात. सकाळचा हा खेळ बुलेव्हार्ड या सरोवरालगतच्या रस्त्याच्या काठावरून दिसतो; पावणेसातला तिथे पोहोच. संध्याकाळी उलट बाजूला, हजरतबल-नसीम बागेकडे जा. मावळतीचं ऊन झबरवानवर पडतं आणि निष्पर्ण चिनार पुढच्या भागात घेता येतात. सूर्यास्त सव्वापाच-साडेपाचला, म्हणून चारलाच जागा धर. एका सकाळी दोन्ही काठ गाठायच्या फंदात पडू नकोस, रस्त्यातच उजेड संपेल.

पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं. त्याहून थंड झालेलं पाणी वरच राहतं आणि तिथेच गोठतं. उथळ कडेला खालपर्यंतचं सगळं पाणी लवकर गार होतं, म्हणून बर्फ आधी काठाला आणि हाउसबोटींमधल्या अरुंद वाटांमध्ये धरतो. तुझा पुढचा भाग तिथेच शोध: बर्फात अडकलेले कमळाचे सुकलेले देठ, गोठलेले बुडबुडे, नाव गेल्यावर उरलेली फुटकी रेघ. हे सगळं काठावरून टिप. बर्फावर पाय ठेवायचा नाही, मुलं खेळताना दिसली तरी नाही. वरून जाडी कळत नाही.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते. जास्त फोटो बिघडतात ते इथेच. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं समजून मोजतं. चौकटभर बर्फ किंवा धुकं असलं की ते उजेड कमी करतं आणि पांढऱ्याची राख होते. बर्फ जास्त असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापात आपण केलेली वाढ-घट) +1 ते +1⅔, नुसतं धुकं असेल तर +⅔ ते +1. मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, बघ. आलेख उजवीकडे सरकावा, पण कडेला चिकटू नये. मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, अंधारात तो नेहमी जास्त उजळ वाटतो. ऊन किल्ल्यावर पडलं की हिशेब बदलतो. आता सर्वात उजळ भाग तो, म्हणून कॉम्पेन्सेशन कमी कर, नाहीतर किल्ल्याचा तपशील जाईल. याचा सराव घरीच होतो: गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर चौकटभर घे आणि शून्यापासून +2 पर्यंत एकेक तृतीयांश वाढवत जा. कोणत्या टप्प्यावर विणीचे धागे दिसेनासे होतात ते लिहून ठेव.

फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) प्रकारातच ठेव आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, 5500 केल्व्हिनवर स्थिर कर. ऑटोवर ठेवलंस तर सावलीतला निळेपणा कॅमेरा पुसून टाकतो. थोडा निळा हवाच, थंडी त्यातूनच जाणवते.

प्रतिबिंब हवं असेल तर वारा नसलेली पहाटेची वेळ साध. ऊन चढलं की पाण्यावर सुरकुत्या येतात. प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा साधारण एक ते दोन स्टॉप गडद असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ते संपादनात इतकं उजळू नकोस की पाणी आकाशापेक्षा लखलखीत दिसेल. नेमकं काय खटकतंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं. पोलरायझरचा (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरचा) परिणाम पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांच्या कोनात बघताना सर्वाधिक असतो. म्हणजे पायाजवळच्या पाण्याखालचे देठ दिसतील, दूरच्या प्रतिबिंबावर फारसा फरक पडणार नाही. 24 मिमीपेक्षा रुंद लेन्सवर मात्र तो काढ, निळ्या आकाशात गडद पट्टा उमटतो.

क्षितिज सरळ करताना दूरच्या काठावर भिस्त ठेवू नकोस. काठ तिरका लांब जात असेल तर कॅमेरा सरळ असूनही तो कललेला दिसतो. त्यापेक्षा चौकटीच्या मधोमध पाण्यात रोवलेला खांब बघ. तो आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत आले की झालं.

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्स, एफ/11 छिद्र ठेवून दोन मीटरवर फोकस केलास तर साधारण एक मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/22 वापरू नकोस, इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि चित्र मऊ पडतं. धुक्यात ऑटोफोकस भटकतो, तेव्हा हाताने फोकस कर. बांधलेला शिकाराही हलत असतो, म्हणून तो चौकटीत असेल तर शटर 1/60 सेकंदापेक्षा संथ ठेवू नकोस. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800 झाला तरी चालेल. बर्फ पडत असताना फ्लॅश बंद. जवळचे कण पांढऱ्या डागांसारखे येतात.

ट्रायपॉड चिखलात ठेवायचा असेल तर सर्वात खालचा, बारीक भाग आधी वीतभर उघड, म्हणजे त्याचं कुलूप चिखल-पाण्याच्या वर राहील. बॅटऱ्या तीन घे, दोन आतल्या खिशात. थंडीने मेलेली वाटणारी बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी चालते.

फेरनमध्ये (काश्मिरी लांब झग्यात) कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेतलीस तर कॅमेरा आत घेऊ नकोस. गरम दमट हवा थंड काचेवर लगेच पाणी धरते. खोलीत शिरतानाही तेच. बाहेर असतानाच कार्ड काढ, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढ आणि आत गेल्यावर दीड-दोन तास पिशवी उघडू नकोस. दव पिशवीवर बाहेरून जमेल, कॅमेरा कोरडा राहील.

पहाटेच्या तरंगत्या भाजीबाजारात जाशील तेव्हा आधी विचार, मग फोटो काढ. ती माणसं कामावर आलेली असतात. नावाड्याशी भाडं आदल्या संध्याकाळीच ठरव, आणि फोटोसाठी मध्ये थांबावं लागेल हेही तेव्हाच सांग.

तुझ्या लेन्सच्या फिल्टरचा व्यास कळव. 77 मिमी असेल तर माझा पोलरायझर घेऊन जा, नवा घेऊ नकोस.