गराडूवाल्या काकांचा राक्षस का होतो?

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदूरचा, कॉलेजला आहे, लॅपटॉपवर म्युझिक करतो. सध्या असा अल्बम करतोय की वाद्य एकही नाही, सगळे आवाज माणसांचेच, रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मोबाईलवर रेकॉर्ड केलेले. तिथल्या गराडूवाल्या (गराडू म्हणजे तळलेला कंद) काकांची हाक तर भन्नाट आलीये, पण गाण्याच्या सुरात बसवायला खाली ओढली की काका राक्षस होतात आणि वर नेली की कार्टून. आई म्हणते ही भुताटकी बंद कर. काय करू? आणि जुन्या सिनेमाच्या गाण्यातले चार-पाच सेकंद घेतले तर चालतात ना?

उत्तर: आईचा कान बरोबर आहे रे. सूर निघतो घशातून आणि तोंडाच्या पोकळीत घुमून त्याचा आ, ई, ऊ होतो, त्या घुमण्याच्या जागांना फॉर्मंट म्हणतात. क्लिप नुसती हळू केलीस की सुरासोबत त्या जागाही घसरतात, मग कानाला वाटतं कुणी दहा फुटी माणूस ओरडतोय. फॉर्मंट जागेवर ठेवायचं बटण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं, ते लावून बघ, पण अख्खं सप्तक खाली न्यायचं म्हटलंस तर तेही हात टेकतं.

मी असतो तर काकांना हलवलंच नसतं, गाणं हलवलं असतं. हाकेचा शेवटचा लांबवलेला स्वर कुठे थांबतो ते शोध आणि तोच सा धर. आपल्याकडे गळ्याप्रमाणे तानपुरा लावतात, तानपुऱ्यासाठी गळा कोणी ताणत नाही.

स्टीव्ह राइख या अमेरिकन संगीतकारानं १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या प्रवचनकाराच्या आवाजाचा एकच तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर फिरवला, एक किंचित पुढेमागे सरकत गेला आणि त्यातूनच ताल उभा राहिला. आइसलंडची गायिका ब्योर्क, तिचा २००४चा 'मेडुला' हा अल्बम पण ऐक, जवळजवळ अख्खा गळ्यांवर, ठेकासुद्धा तोंडाचा. तुझ्याकडे 'गराडू'तला ग आणि ड आहेत की, अजून काय पाहिजे! हाकेआधीचा श्वास मात्र कापू नकोस, आणि मागचं तेलाचं चुरचुरणं, ते काही माणूस नाही, पण राहू दे.

सेकंदांचं म्हणशील तर ती निव्वळ अफवा आहे, आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेच नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं राहतो, शब्दांचा नि चालीचा हिशोब वेगळाच.

आणि काकांना विचारलंस का? नसशील तर हेडफोन घेऊन जा, भर गर्दीत नको, ठेला आवरताना गाठ.