वर्गातले प्रश्न : टीव्ही लागतो, पण धडा पोचत नाही

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. मी नेमाने व्हिडिओ लावतो. मुलं एकदम शांत बसतात, संपला की 'सर, अजून एक लावा' म्हणतात. पण चाचणीत तेच विचारलं तर वह्या कोऱ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालक विचारतात, टीव्ही रोज लागतो ना? लागतो, असं सांगतो, पण मनातून बरं वाटत नाही. माझं कुठे चुकतंय?
– एक शिक्षक, जत तालुका

उत्तर : सर, मुलं शांत बसली म्हणजे शिकली, असं मीही बरेच दिवस धरून चालले होते. चंद्राच्या कलांचा धडा घेतला तेव्हा ते मनातून गेलं. तोच सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

व्हिडिओ चांगला होता. सहा मिनिटांचा, निवेदन स्वच्छ मराठीत, चित्रं सुंदर. वर्ग चिडीचूप. आठवड्याने मी कोरा कागद दिला आणि एकच प्रश्न विचारला : चंद्र कधी अर्धा, कधी कोरीएवढा का दिसतो? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 'पृथ्वीची सावली पडते म्हणून.' व्हिडिओत असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मी तो आवाज बंद करून पुन्हा पाहिला आणि मग कळलं. पडद्यावर पृथ्वी आणि चंद्र यांच्यात वीतभर अंतर होतं. एवढं जवळ दाखवल्यावर पोरांना सावलीच सुचणार! चित्र चौकटीत मावावं म्हणून अंतर दाबावं लागतं, पुस्तकातल्या आकृतीतही तेच होतं. पण मुलाला ते कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

खरं अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे एकापुढे एक ३० पृथ्व्या ठेवाव्यात इतकं. आमचा पृथ्वीगोल ३० सेंटिमीटरचा. त्या मापाने चंद्र ८ सेंटिमीटरचा आणि तो ९ मीटरवर. वर्गात जागा पुरेना. गोल टेबलावर ठेवला आणि चेंडू घेतलेली मुलगी मागे सरकत सरकत दाराबाहेर, व्हरांडा ओलांडून पार पाण्याच्या टाकीपाशी गेली. चंद्राची कक्षा साधारण पाच अंशांनी कललेली आहे. ९ मीटरवर हा कल पाऊण मीटरहून जास्त भरतो, म्हणून तिला मी चेंडू तेवढा वर धरायला लावला. वर्गातून एक मुलगा ओरडला, "बाई, मग सावली खालनंच जाती की!" दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

उन्हाळ्यात सकाळची शाळा होती. वद्य अष्टमीला परिपाठ झाल्यावर मुलांना मैदानातच थांबवलं. सूर्य पूर्वेला वर आलेला, अर्धा चंद्र डोक्यावरून जरा पश्चिमेकडे कललेला. एकेकाला पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायला सांगितला. चेंडूही अर्धाच उजळला होता, त्याच बाजूने. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला, तिकडे पश्चिमेच्या क्षितिजाखाली. चंद्र तर डोक्यावर. मग सावली त्याच्यावर पडेल कशी? हा प्रश्न आता मुलंच एकमेकांना विचारत होती.

एवढं झाल्यावर मी टीव्ही लावला. या वेळी व्हिडिओ नाही. स्टेलेरियम नावाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप टीव्हीला जोडला, जागा म्हणून आमचंच गाव दिलं आणि पौर्णिमेची संध्याकाळ काढली. तिकडे सूर्य मावळतोय, इकडे चंद्र उगवतोय. तिथेच थांबवलं. "चार दिवसांनी चंद्र किती वाजता उगवेल? आधी वहीत लिहा, मग बघू." बहुतेकांनी 'सहा-सात' लिहिलं. एका मुलीने नऊच्या पुढची वेळ लिहिली होती. का, विचारलं तर म्हणाली, "संकष्टीला आईचा उपास चंद्र दिसल्यावर सुटतो. तवर आमची जेवणं झालेली असतात." मग एकेक दिवस पुढे सरकवला. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येत होता, आणि मुलं बोटांवर मोजत होती. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांनी घरच्या कालनिर्णयमधली संकष्टीची चंद्रोदयाची वेळ लिहून आणली आणि पडद्यावरच्या वेळेशी ताडून पाहिली. शेवटी अमावास्येची दुपार काढून सॉफ्टवेअरमधलं वातावरण बंद केलं. निळं आकाश गेलं, तारे आले आणि सूर्याच्या अगदी जवळ चंद्र दिसला. भर दुपारी तो तिथे असतो, हे मी मैदानात नेऊन कधीच दाखवू शकले नसते. टीव्हीने करावं असं काम मला तिथे सापडलं.

तेव्हापासून मी सलग सहा मिनिटं काहीच लावत नाही. चाळीस सेकंद लावते, थांबवते, पुढे काय होईल ते वहीत लिहून घेते. चुकीचं लिहिलं तरी चालतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं दाखवत नाही. यात वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटते. मलाही वाटायची. पण तोच धडा तीनदा घेण्यापेक्षा हे परवडतं.

पुस्तकातले क्यूआर कोड घरी स्कॅन करायला सांगणं मात्र मी सोडून दिलं आहे. आमच्याकडे घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. ज्याला मिळाला नाही ते पोर दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसायचं, ते मला बघवेना. आता दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं हवं ते मीच आधी उतरवून ठेवते आणि वर्गात सगळ्यांना मिळून दाखवते. लाइट गेली तरी फोनवर काम भागतं.

फोनचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आवाज रेकॉर्ड करायला. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा एक परिच्छेद मी रेकॉर्ड करते आणि त्याला एकट्याला ऐकवते. चूक मी काढत नाही. एक मुलगा स्वतःचं वाचन ऐकून म्हणाला, "बाई, मी पूर्णविरामाला थांबतच नाय." वर्षभर मी त्याला तेच सांगत होते. त्याने स्वतः मागून पुन्हा वाचलं, आणि थांबला.

आता समितीचं. गावाने घामाचे पैसे घातलेत, त्यांचा प्रश्न रास्त आहे. पुढच्या बैठकीत चार मुलांच्या वह्या घेऊन जा. पानाच्या एका बाजूला 'मला काय वाटलं', दुसऱ्या बाजूला 'काय दिसलं'. पालकांना वाचू द्या. टीव्ही किती वेळा लागला हे त्यानंतर कुणी विचारेल असं मला वाटत नाही.

सकाळच्या शाळेच्या दिवसांत वद्य अष्टमी कधी येते, ते आजच बघून ठेवा. पांढरा चेंडू नसेल तर कागदाचा गोळा करून त्याला चुना लावा. त्या दिवशी टीव्ही बंद राहू द्या, दुसऱ्या दिवशी लावा. आणि मुलांनी काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.