टाके सुकल्यावरचे प्रश्न

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याबाहेर वीस माणसं बसलेली असतात. तीन महिन्यांनी पेशंट तपासायला येतो तेव्हा सोबत एकटी बायको असते, नाहीतर तोही एकटाच. तोंड-घशाच्या कॅन्सरबद्दल तुम्ही पाठवलेली या वेळची बरीचशी पत्रं त्या तीन महिन्यांनंतरची आहेत, म्हणून त्यांना जास्त जागा देतो. पण सुरुवात एका घाईच्या पत्रापासून.

सासूबाई गेली चाळीस वर्षं मशेरी लावतात. गालात आतून दीड महिन्यापासून जखम आहे, दुखत नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. घरचे म्हणतात, शस्त्र लागलं की रोग पसरतो. काय करावं? (जळगाव)

तुकडा काढू द्या, याच आठवड्यात. तोंडातल्या जखमेचा तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. "पसरला" असं लोकांना वाटतं, कारण तपासणीला भिऊन ते चार-सहा महिने मलमं लावत बसतात आणि रोग तेवढ्या वेळात वाढतो. जखम दुखत नाही यावर तर मुळीच विसंबू नका, सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच.

एक मात्र सांभाळा. कुणी "छोटीशीच आहे, सगळी काढूनच टाकतो" म्हणालं तर थांबा. तपासणीआधी अर्धवट कापलेली जागा पुढे नेमकी कुठवर काढायची, हे आम्हालाही कळेनासं होतं. मानेत गाठ असेल तर ती उघडून काढू नये, आधी सुईने तपासावी.

माझ्या मिस्टरांच्या जिभेच्या कडेला लहान कॅन्सर निघाला. सोनोग्राफीत मानेत काहीच नाही, तरी डॉक्टर मानेतल्या गाठीही काढायच्या म्हणतात. एवढी मोठी चिरफाड उगाच नाही ना? (सांगली)

उगाच नाही. आणि या प्रश्नाचं जगाने मानलेलं उत्तर आपल्याच मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळालेलं आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

जिभेचा किंवा गालाचा कॅन्सर पहिल्यांदा पोचतो तो मानेतल्या लसिकाग्रंथींत. तुमच्याकडे त्यांना अवधानं म्हणत असतील. त्यातली एखादी ग्रंथी रोग शिरला तरी मोठी होत नाही, म्हणून हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीतही दिसत नाही. मग मान आधीच साफ करायची, म्हणजे या ग्रंथी काढून टाकायच्या, की गाठ दिसल्यावर बघायचं? यावर सर्जन लोकांत वर्षानुवर्षं वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टाटा मेमोरियलमधल्या सहकाऱ्यांनी अशाच सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, दुसऱ्यावर फक्त लक्ष ठेवलं. ५०० रुग्णांचे निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. ३ वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आधी मान साफ केलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या, वरून निरोगी वाटलेल्या ग्रंथींत रोग सापडला होता.

एक अपवाद आहे. रोगाची खोली ३ मिलिमीटरपर्यंतच असेल, तर हा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना "खोली किती?" एवढं जरूर विचारा. नुसता "मोठं की लहान?" हा प्रश्न पुरेसा नाही.

मानेचं ऑपरेशन झालं, रोग गेला म्हणाले. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालता येत नाही. खांद्याला तर कुणी हातही लावला नव्हता! (लातूर)

हात लावला नव्हता, पण खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस मानेतूनच जाते. अमेरिकेतले सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली मानेच्या या शस्त्रक्रियेचं जे वर्णन लिहिलं, त्यात ती नस, मोठी शीर आणि स्नायू सगळंच काढलं जाई. आता शक्य तिथे नस वाचवतात. तरी ती ओढली-हाताळली जाते आणि काही महिने झोपी जाते. ती जागी होईपर्यंत खांदा हलता ठेवणं तुमचं काम. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलात, तर नस सुधारेल पण सांधा आखडलेला राहील. सर्जनला विचारून फिजिओथेरपिस्टकडे जा आणि रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. काल जिथे पोचला तिथे पेन्सिलची खूण करा. सुधारायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. जड पिशवी डाव्या हातात घ्या.

गालाच्या ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) घेतले. जखम छान भरली. पण तोंड रोज थोडं कमी उघडतं. आता एकच बोट जातं, पोळीचा तुकडा शिरत नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का? (अहिल्यानगर)

दर ओपीडीत मला हे दृश्य दिसतं आणि दर वेळी राग येतो. पेशंटचा नाही. डिस्चार्जच्या कागदावर सात औषधं लिहितात आणि तोंड उघडण्याचा व्यायाम एका ओळीतही लिहीत नाहीत, त्याचा.

निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं की आम्ही त्याला जबडा आखडणं म्हणतो. ऑपरेशनचा व्रण आणि शेकाने चिवट झालेले चावण्याचे स्नायू, अशी दोन कारणं असतात. आपल्याकडे तिसरंही असतं, ते म्हणजे सुपारीने आधीच पांढरा आणि ताठ पडलेला गाल.

आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा. आरशासमोर बसून, जितकं तोंड उघडतं तितक्या काड्या एकावर एक धरून दाढांच्या मध्ये ठेवा. मग मधे आणखी एक काडी हळूच सरकवा. ओढ लागली पाहिजे, डोळ्यांत पाणी येईल इतकी नाही. तीस सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच वेळा. काड्यांचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला एक काडी वाढली तरी मी खूश असतो. शेक संपल्यावरही स्नायू कित्येक महिने आखडत राहतात, म्हणून वर्षभर सोडायचं नाही.

पण काड्या लावण्याआधी एकदा तुमच्या सर्जनना दाखवा. बरं असलेलं तोंड अचानक मिटायला लागलं, तर त्यामागे कधी रोग परतलेला असतो. तो नाही याची खात्री झाली, की मगच व्यायाम. ऑपरेशन हा शेवटचा पर्याय, आणि त्यानंतरही याच काड्या लावाव्या लागतात.

शेक सुरू होण्याआधी दात काढा म्हणतात. चांगले दातही? (रत्नागिरी)

चांगले नाही. किडलेले, हलणारे काढायचे, आणि शेकाच्या निदान १० ते १४ दिवस आधी, म्हणजे खड्डे भरतात. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात उपटला तर हाडच मरू शकतं, अगदी काही वर्षांनीही. पुढे कुठल्याही दंतवैद्याकडे गेलात तरी "मला शेक दिलेत" हे पहिलं वाक्य असू द्या.

वडिलांचं स्वरयंत्र पूर्ण काढलं. ते वारकरी आहेत, भजनात गायचे. आता मानेच्या भोकातून श्वास घेतात, पाटीवर लिहून बोलतात. यंदा वारीला जायचं म्हणतात. पाठवू का? पुन्हा गातील का? (बीड)

प्रकृती सावरली असेल तर पाठवा, पण सोबत जा.

त्यांचा नाका-तोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंध आता तुटला आहे. भोकात पाणी शिरलं तर ते थेट फुप्फुसात जाईल. म्हणून चंद्रभागेत बुडी नाही. काठावर बसून गळ्याखाली तांब्याने स्नान करावं, डोक्यावर ओलं फडकं फिरवावं. वाटेत धूळ असते, नाकाची चाळणी आता नाही, म्हणून भोकावर सुती कापड बांधा आणि ते दिवसातून दोन-तीनदा बदला. खिशात कागद ठेवा: "मी मानेतून श्वास घेतो. ऑक्सिजन तोंडाला नको, मानेला लावा." गर्दीत चक्कर आली तर हा कागद जीव वाचवेल.

आवाजाचं पाटीवर भागवू नका. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवता येते. भोकावर बोट ठेवलं की फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते, तिथलं आवरण थरथरतं आणि शब्द उमटतो. परदेशी झडप हजारोंच्या घरात जाते. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची झडप तयार केली, तेव्हा ती साधारण ५० रुपयांत पडत होती. तुमच्या सर्जनकडे दोन्हींची चौकशी करा. झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. चहा पिताना ठसका लागून भोकातून चहा आला, तर ती बदलायची वेळ झाली असं समजा.

गाण्याचं खरं सांगतो. आवाज घोगरा आणि जाड येतो, वरचा स्वर लागत नाही, त्यामुळे पूर्वीसारखा अभंग होणार नाही. गजर मात्र होतो. माझ्याकडचे एक आजोबा "विठ्ठल" म्हणताना "वि" नंतर बोट उचलतात, श्वास घेतात आणि मग "ठ्ठल" म्हणतात. टाळ वाजवायला तर दोन्ही हात लागतात आणि बोट भोकावर हवं, म्हणून ते एक ओळ म्हणतात आणि एक ओळ वाजवतात.