गावात गिगाबिटच्या पुढचा प्लॅन घ्यावा का?

आमच्या भागातला केबलवाला २ जीबीपीएसचा (सेकंदाला २ गिगाबिट, म्हणजे २००० एमबीपीएस) प्लॅन आणतोय. म्हणतो, खांबावरून आलेली जुनीच फायबर चालेल, फक्त डबा बदलू. हे खरं मानायचं का? (ता. वरुड, जि. अमरावती)

फायबरबद्दल तो म्हणतो ते बरोबर आहे. पण घरातला डबा (ओएनटी, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशातून नेट काढणारं यंत्र) बदलला तरी केबलवाल्याच्या टोकाला कुठलं यंत्र आहे, हे विचारा. आज बहुतेक गावांत जीपॉन आहे, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट वाटायची पद्धत. त्यात एका फायबरवरून खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२४४ जीबीपीएस असतो. तो साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्यावर २ जीबीपीएस विकलं, तर एका घरानं मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीच्यांच्या वाट्याला फारच थोडं उरतं. गिगाबिटच्या पुढचा प्लॅन एक्सजीएस-पॉन या त्यापुढच्या पद्धतीवर असावा. त्यात दोन्ही बाजूंना सुमारे १० जीबीपीएस असतात. दोन्ही पद्धती प्रकाशाच्या वेगळ्या तरंगलांबी वापरतात, म्हणून एकाच फायबरवर एकत्र नांदतात. जीपॉन खाली १४९० नॅनोमीटर वापरतं, एक्सजीएस-पॉन १५७७.

इथंच एक अडचण येते. तरंगलांबी जितकी जास्त, तितका फायबरच्या वळणावर प्रकाश जास्त गळतो. खिडकीच्या चौकटीत दाबलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली जी फायबर जीपॉनवर कशीबशी चालत होती, ती नव्या डब्यावर रुसू शकते. म्हणून बसवायला आलेल्या मुलाला पॉवर मीटरवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र) आकडा दाखवायला सांगा आणि तो लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास असेल, म्हणजे प्रकाश फार क्षीण असेल, तर काम तसंच स्वीकारू नका. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की तीच लाइन बंद पडेल. फायबरच्या टोकाचा हिरवा कनेक्टर हिरव्यातच बसवायचा, निळ्यात नाही. त्या दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि मध्ये फट राहते.

१ जीबीपीएसचा प्लॅन घेतला. कॉम्प्युटरवर वेग ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही, मोबाइलवर कधी ६०, कधी ३००. कंपनी म्हणते, आमच्याकडून पूर्ण वेग येतो. (ता. उमरखेड, जि. यवतमाळ)

बहुधा कंपनी खरं सांगते आहे. ९४ या आकड्यावरूनच दोष कळतो. तुमचा कॉम्प्युटर आणि राउटर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर बोलत आहेत. लॅन केबलीत आठ तारा असतात. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली किंवा टोकाचा जॅक नीट दाबून बसवला (क्रिम्प) गेला नाही, तर यंत्रं न सांगता शंभरवर उतरतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा. तिथं लिंक स्पीड १००/१०० दिसला तर केबल बदला. चांगल्या केबलीनंही आकडा हलला नाही, तर कॉम्प्युटरचा किंवा राउटरचा पोर्टच शंभरचा आहे.

केबल घेताना खोक्यावर 'सीसीए' लिहिलेलं असेल तर ती दुकानातच ठेवा. ते ॲल्युमिनियमवर चढवलेलं तांबं असतं. वारंवार वाकवलं की आतली तार तुटू शकते. शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग सुमारे ९४० दिसतील. गिगाबिट पोर्टची तीच कमाल आहे, उरलेलं डेटाच्या वेष्टनात जातं. उद्या २ जीबीपीएस घेतलं तरी साध्या पोर्टवर ९४०च राहतील. त्यापुढं जायचं तर ओएनटीचा डबा, राउटरची दोन्ही तोंडं आणि कॉम्प्युटर, सगळीकडे २.५ जीबीपीएसचा पोर्ट हवा. केबल मात्र कॅट-५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत २.५ पेलते.

मोबाइलचं गणित वेगळं आहे. ६० दिसतात तेव्हा फोन बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर असतो, ३०० दिसतात तेव्हा ५ वर. वाय-फाय ६ चा चांगला फोन राउटरच्या खोलीत ६०० ते ८०० देतो. मातीची दीड फुटी भिंत मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झ झपाट्यानं कमी होतं आणि टिनाचं शेड तर ते जवळजवळ अडवतंच. अशा वेळी रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर ज्या बँडवर घेतो त्याच बँडवर पुढे देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथं दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलीवरून वाय-फाय देणारा डबा) लावा. गोठ्यापर्यंत किंवा वावरातल्या खोलीपर्यंत न्यायचं असेल, तर तांब्याऐवजी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबल जोडून देणारा डबा) लावा. जूनच्या विजांमध्ये उघड्यावरची तांब्याची केबल दोन्हीकडचे पोर्ट जाळू शकते.

लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. फुटेज एडिटिंगला बाहेर पाठवावं लागतं. आम्हाला मोठा प्लॅन परवडेल का? (ता. चिखली, जि. बुलडाणा)

गावात ज्यांना खरोखर उपयोग आहे, त्यांच्यापैकी तुम्ही आहात. पण अपलोडचा वेग लेखी विचारा, जाहिरातीत बहुधा डाउनलोडचाच छापतात. २०० जीबी फुटेज ४० एमबीपीएस अपलोडवर ११ तास घेतं, १०० वर साडेचार तास, १ जीबीपीएसवर अर्ध्या तासाच्या आत. म्हणून १ जीबीपीएस खाली, १०० वर अशा प्लॅनपेक्षा ३०० खाली, ३०० वर हा प्लॅन तुमच्या कामाचा. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइटच वाचलं जातं, म्हणजे (एका बाइटमध्ये आठ बिट धरून) जेमतेम १ जीबीपीएस. त्यापुढचा वेग हवा असेल तर फुटेज एसएसडीवर घ्यावं लागेल.

'अमर्याद' प्लॅनला मर्यादा असते का? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

असते. अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी असते, त्यानंतर वेग पाडतात. पूर्ण १ जीबीपीएसनं उतरवत राहिलात तर ती सव्वासात तासांत संपते. जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, तोही हिशेबात धरा.

लाइन गेली की नेट जातं. मोठा प्लॅन घेतला तर थांबेल का? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

नाही, आणि त्यासाठी जास्त भाडं भरू नका. ओएनटीच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट पाहा, बहुधा १२ असतात. तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. यूपीएसच्या खोक्यावरचे एमएएच (बॅटरीची क्षमता) बहुधा ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. ८८०० एमएएच म्हणजे ३२ वॅट-तास, दहा वॅटच्या डब्याला अडीच तासांच्या आसपास. राउटर वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस हवा.

यूपीएस चालू असताना वीज जाईल तेव्हा ओएनटीवरचे दिवे बघा. लाल एलओएस लागला, तर पलीकडून प्रकाशच येत नाही. दर वेळी वीज जाताच तो लागत असेल, तर बहुधा केबलवाल्याच्या यंत्राला बॅटरी नाही आणि तुमचा यूपीएस निरुपयोगी आहे. पॉनचा दिवा (केबलवाल्याच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा) स्थिर असून नेट नसेल, तर दोष बहुधा तालुक्याकडच्या मुख्य फायबरमध्ये आहे. तक्रार करताना हे नेमकं सांगा, नाहीतर माणूस येऊन डबा बंद-चालू करून निघून जाईल. तो आलाच, तर फायबरच्या केबलीतली पोलादी तार भिंतीबाहेरच्या हुकावर संपवून घ्या. काच वीज वाहत नाही, ती तार वाहते. भिंतीतल्या भोकाआधी केबलीला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून पडेल.