वाचक विचारतात: बायकांचा पहिला वर्ल्ड कप नक्की कुठला?

प्रश्न: ताई, मुलीच्या शाळेत क्विझ होती, त्यात विचारलं महिलांचा पहिला फुटबॉल वर्ल्ड कप कधी झाला. तिनं १९७१, मेक्सिको असं लिहिलं आणि मार्क गेला, बरोबर उत्तर म्हणे १९९१, चीन. तेव्हापासून घरात वाद सुरू आहे, तिचे आजोबा म्हणतात १९७१ चं हे सगळं यूट्यूबवाल्यांनी उठवलेलं आहे, असं काही झालंच नव्हतं. खरं काय ते एकदाचं सांगा. (एक बाबा, कोथरूड)

उत्तर: आजोबांना सांगा, झालं होतं आणि दणक्यात झालं होतं. पण लेकीला मार्क काही परत मिळायचा नाही, कारण क्विझवाले फिफाची यादी बघतात आणि त्या यादीत १९९१ च्या आधी काहीच नाही. प्रश्नात 'पहिला अधिकृत' असं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. नुसतं 'पहिला' म्हटलं की मग १९७१ पण बसत नाही, कारण त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, इटलीत एक होऊन गेला होता. सात टीम, मार्टिनी अँड रोसी या दारूच्या कंपनीचा पैसा, फायनल तुरिनला. डेन्मार्कनं इटलीला त्यांच्याच घरात २-० हरवलं, आणि गंमत बघा, डेन्मार्क म्हणून जी टीम आली होती ती राष्ट्रीय टीम वगैरे नव्हतीच, बोल्डक्लुबेन फेमिना नावाचा क्लब होता तो. डेन्मार्कच्या फेडरेशननं तोवर बायकांचा खेळ आपल्यात घेतलाच नव्हता, मग राष्ट्रीय टीम आणायची कुठनं?

ही स्पर्धा भरवणारी संघटना स्वतंत्र होती, फिफाशी तिचा काही संबंध नाही. इटलीत चाळीसेक हजार लोक फायनलला आले म्हटल्यावर या मंडळींना हुरूप आला आणि त्यांनी पुढच्या वर्षी थेट मेक्सिको गाठलं. तिथं १९७० मध्येच पुरुषांचा वर्ल्ड कप झाला होता, पेलेवाला, त्यामुळे स्टेडियम तयार, टीव्हीवाले तयार, लोकांना तर फुटबॉलचं वेड लागलेलंच. मेक्सिकोच्या फेडरेशननं क्लबांना तंबी दिली की या बायकांच्या स्पर्धेला मैदान द्याल तर दंड होईल. त्यामुळे झालं काय, तर बारकी मैदानं हातची गेली आणि आयोजकांकडे राहिली दोनच, ग्वादलाहाराचं हालिस्को आणि मेक्सिको सिटीचं अझ्टेका, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी दोन. खोडा घालायला गेले आणि बायकांना अझ्टेका मिळवून दिलं.

१५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर १९७१, टीम सहा: मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, इटली. मार्केटिंग बघाल तर आजच्या आयपीएलवाल्यांनी शिकावं असं, शोचित्ल नावाची बाहुलीसारखी मॅस्कॉट, तिचे बिल्ले, टीशर्ट, आणि गोलपोस्टना चक्क गुलाबी-पांढरे पट्टे. (मला तो गुलाबी प्रकार अजिबात आवडत नाही, पण तिकिटं खपली हे खरं.) फायनलला डेन्मार्क विरुद्ध मेक्सिको, आयोजकांचा आकडा १,१०,००० प्रेक्षक. आयोजकांचा आकडा थोडा फुगवलेला धरा, दहा-वीस हजार कमी करा, तरी अझ्टेका खच्चून भरलं होतं हे फोटोत दिसतंच. डेन्मार्क ३-० जिंकलं आणि तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या एकाच पोरीचे, वय १५! तुमच्या लेकीला हे जरूर सांगा, दहावीतली मुलगी लाखभर लोकांसमोर त्यांच्याच टीमला तीन गोल मारून आली.

फायनलच्या आधी अजून एक नाटक झालं होतं. मेक्सिकोच्या खेळाडूंनी बघितलं की स्टेडियम भरतंय, तिकिटं विकली जातायत, बिल्ले विकले जातायत, आणि आपल्या हातात काय, तर घंटा. त्यांनी २० लाख पेसो मागितले, नाहीतर फायनल खेळणार नाही म्हणाल्या. लगेच पेपरवाले उलटले, कालपर्यंत लाडक्या लेकी होत्या त्या आज एकदम लोभी झाल्या. शेवटी पैसे न घेताच खेळल्या बिचाऱ्या. माझं मत विचाराल तर मागणी शंभर टक्के रास्त होती.

पण मला या स्पर्धेतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अर्जेंटिनाची. या पोरी कोचशिवाय, डॉक्टरशिवाय विमानात बसल्या, स्टड असलेले बूट त्यांना मेक्सिकोत मिळाले, तोवर तसले बूट त्यांनी कधी घातलेच नव्हते. आणि अशा टीमनं २१ ऑगस्टला अझ्टेकावर इंग्लंडला ४-१ हाणलं, चारच्या चार गोल एल्बा सेल्वाचे. लक्षात घ्या, मॅराडोनानं १९८६ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला मारलेल्या त्या दोन गोलांआधी १५ वर्षं, त्याच मैदानावर. त्याचे दोन जगाला पाठ, हिचे चार कुणाला माहीत नाहीत. अर्जेंटिनात आता २१ ऑगस्ट हा महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात, पण त्यासाठी जवळपास अर्धं शतक जावं लागलं.

आणि हरलेल्या इंग्लंडचं काय झालं तेही ऐका. त्यांना घेऊन गेला होता हॅरी बॅट नावाचा लूटनचा एक बस ड्रायव्हर, पोरी म्हणजे अक्षरशः शाळकरी, लिया केलेब तर १३ वर्षांची. मेक्सिकोत विमानतळावर कॅमेऱ्यांचा लखलखाट, सह्या घ्यायला झुंबड, आणि घरी परतल्यावर हातात काय तर बंदी. परवानगी न घेता गेलात म्हणून खेळाडू काही महिने बाहेर, बॅट तर कायमचा बाहेर. ही बंदी घातली कुणी, तर इंग्लंडमधल्या महिला फुटबॉलच्याच संघटनेनं, म्हणजे आपल्याच माणसांनी. त्या पोरींनी मग पुढची कित्येक वर्षं या विषयावर तोंडच उघडलं नाही. आजोबांच्या कानावर काही आलं नाही यात त्यांचा दोष नाही, ज्या खेळल्या त्याच बोलत नव्हत्या.

प्रश्न: बायकांच्या मॅचला प्रेक्षकच नसतात, मार्केट नाही म्हणून संघटनांनी लक्ष घातलं नसेल, यात अन्याय वगैरे काय आहे? उगाच प्रत्येक गोष्टीत रडगाणं. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: काका, तारखा बघू. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, डिक कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज, ५३,००० प्रेक्षक आत आणि हजारो लोक तिकीट न मिळाल्यानं बाहेर. डिक कर म्हणजे प्रेस्टनमधला कारखाना, पहिल्या महायुद्धात तिथं दारूगोळा बनायचा आणि तिथल्या कामगार बायकांची ही टीम, मॅचचे पैसे जायचे जखमी सैनिक वगैरेंच्या मदतीला. त्याच वर्षी फ्रान्सची टीम त्यांच्याशी खेळायला आली होती, पहिली मॅच प्रेस्टनला, २५,००० लोक. आणि ५ डिसेंबर १९२१ ला, म्हणजे गुडिसनला वर्षही झालं नव्हतं, इंग्लंडच्या एफएनं (तिथल्या फुटबॉल संघटनेनं) ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आमच्या क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. खेळायला बंदी नाही हं, फक्त मैदान नाही! चांगली मैदानं सगळी एफएच्या क्लबांकडे, मग खेळा पार्कात नाहीतर चिखलात. हे जवळपास ५० वर्षं चाललं. जर्मनीनं (पश्चिम) १९५५ ते १९७० तसलंच केलं, ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकूमच होता. आता प्रेक्षक आले नाहीत म्हणून मैदान बंद झालं का मैदान बंद केलं म्हणून प्रेक्षक आले नाहीत, हे तुम्हीच ठरवा, सदाशिव पेठेत राहून तुम्हाला युक्तिवाद मी काय शिकवणार.

प्रश्न: मी बालेवाडीला प्रॅक्टिसला जाते, तिथं २०२२ ला महिलांचा एशियन कप झाला होता असं सर सांगतात. भारत या जुन्या स्पर्धांमध्ये कुठं होता का? का आपण नेहमीच बाहेर? (बारावीतली एक मुलगी, बाणेर)

उत्तर: हे तुझ्या सरांनाही सांग: भारत एशियन कपच्या फायनलला दोनदा पोचलाय. २०२२ ला बालेवाडीत सेमीफायनल झाल्या तेव्हा आपली टीम त्यात नव्हती, कॅम्पमध्येच कोविड घुसला आणि एक मॅच खेळून माघार घ्यावी लागली, तो विषय वेगळा.

सुरुवात १९७५ ची, हाँगकाँग. युरोपासारखंच इथंही, आशियातल्या बायकांची वेगळी संघटना होती, एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन, आणि पहिला कप जिंकला कुणी तर न्यूझीलंडनं! आशियात न्यूझीलंड कसं असं विचारू नकोस, जो येईल त्याला घ्यायचं असा तो काळ होता. मग जानेवारी १९८० मध्ये स्पर्धा आली आपल्याकडे, केरळात कालिकतला. भारतानं तर दोन टीम उतरवल्या, एक 'एस' आणि एक 'एन'. ऑस्ट्रेलियातून अख्ख्या देशाची नाही, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या एका राज्याची टीम आली. त्यातून आपली 'एस' टीम फायनलला गेली आणि चिनी तैपेईकडून (म्हणजे तैवान) ०-२ हरली. १९८१ ला तिसरे, १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा फायनल, या वेळी थायलंडकडून हार. त्या टीमची कॅप्टन शांती मलिक, अर्जुन पुरस्कार मिळालेली देशातली पहिली महिला फुटबॉलपटू. आपल्याकडेही तेव्हा बायकांचं फेडरेशन वेगळं होतं, एआयएफएफनं (देशाच्या फुटबॉल महासंघानं) त्यांना आपल्यात घेतलं ते नव्वदच्या दशकात, आणि मग चित्र सुधारायला हवं होतं की नाही? उलट वर्षानुवर्षं कॅलेंडरच रिकामं. थेट जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडलाच २-१ हरवून आपण पात्रता फेरी खेळून एशियन कपला गेलो, संगीता बासफोरचे दोन गोल. ती मॅच बघितली नसशील तर बघ, दुसरा गोल तर हेडर आहे.

प्रश्न: मग फिफाला जाग कधी आली? आणि १९९१ ला मॅच ८० मिनिटांच्याच होत्या हे खरं का? (पिंपळे सौदागरहून)

उत्तर: जाग आणली एका बाईनं. १९८६ ला फिफाच्या काँग्रेसमध्ये (म्हणजे सगळ्या देशांच्या सभेत) नॉर्वेच्या एलन विले उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या बायकांचा वर्ल्ड कप हवा, ऑलिम्पिकमध्येही जागा हवी. काँग्रेस कुठं होती माहितीये? मेक्सिको सिटीत! १५ वर्षांपूर्वी जिथं लाखभर लोक हीच गोष्ट बघायला आले होते तिथं. मग फिफानं आधी 'ट्रायल' घेतली, जून १९८८, चीनचा ग्वांगडोंग प्रांत, १२ टीम, नॉर्वेनं स्वीडनला १-० हरवलं. जमतंय म्हटल्यावर नोव्हेंबर १९९१ ला तिथंच खरी स्पर्धा. पण 'वर्ल्ड कप' हे नाव द्यायला तेव्हाही जीवावर आलं, वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणाले आणि पुढं एम अँड एम्स कप, म्हणजे त्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. फायनलला ६०,००० च्या वर लोक, अमेरिका २, नॉर्वे १, अमेरिकेचे दोन्ही गोल मिशेल एकर्सचे.

८० मिनिटांचं खरं आहे. बायकांना ९० मिनिटं झेपायची नाहीत असं साहेबांना वाटायचं. युरोपातल्या देशांच्या १९८४ च्या पहिल्या महिला स्पर्धेत तर मॅच ७० मिनिटांच्या आणि बॉल पण लहान, चार नंबरचा. त्याची फायनल दोन मॅचची, दोन्ही टीमनी एकेक १-० नं जिंकली, दुसरी लूटनला (हॅरी बॅटच्या गावात!) भर चिखलात, आणि पेनल्टीवर स्वीडननं इंग्लंडला हरवलं, शेवटची किक पिया सुंधागेची. ९० मिनिटं मिळाली ती १९९५ ला, स्वीडनच्या वर्ल्ड कपमध्ये, पण तिथं पण एक काडी केलीच, प्रत्येक टीमला प्रत्येक हाफमध्ये एक टाइमआउट घ्यायची सोय ठेवली, बास्केटबॉलसारखी. पुढच्या वर्ल्ड कपला ती गुपचूप काढून टाकली.