बैल 'हरी' का करत नाही?

मॅडम, तुमच्या सहावीतल्या पोरानं 'फटाका फुटला आणि बैल ___' या इंग्रजी वाक्यातल्या गाळलेल्या जागी 'हरीड' लिहिलं, तुम्ही 'बोल्टेड' हवं म्हणून चूक दिली, आणि दुसऱ्या दिवशी बाप शाळेत येऊन म्हणाला, "डिक्शनरीत दोन्हीचा अर्थ घाईनं जाणेच देला हाय, मंग पोराचं चुकलं काय?" बापाचा सवाल रास्त आहे. मीही ३४ वर्षं याच भागात इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं हरी, रश, डॅश, डार्ट, बोल्ट असे सगळे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहायचो, आणि समोर मोठा महिरपी कंस काढून 'वेगाने जाणे' लिहून मोकळा व्हायचो.

वेग किती, हे या शब्दांत मुळी नसतंच. कशापायी निघाला, कुठून सुटला, अंग कसं हललं, हे असतं.

'हरी' (आपला श्रीहरी नव्हे) हा पळण्याचा शब्दच नाही, तो घड्याळाचा शब्द आहे. एस्टी गाठायला झपझप निघालेली म्हातारी हरी करते, आणि ताटावर बसून भराभर घास गिळणारा तिचा नातूही हरीच करतो. उशीर होईल ही धास्ती असली की झालं. फटाका फुटल्यावर बैलाला कसला उशीर होणार? हां, सांजच्याला गोठ्याच्या ओढीनं तोच बैल पाय उचलायला लागला, तर तिथं 'हरी' एकवेळ चालेल.

आता बोल्ट. मी तिसरीत असेन. पोळ्याला आमच्या आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. आमचा डावा बैल निवांत रवंथ करत होता. कोण्या पोट्ट्यानं मागून लवंगी लावली. बैलाची मान वर गेली, कासरा बाबांच्या तळहाताचं कातडं सोलत निसटला, आणि झुलीसकट बैल शेजारच्या पऱ्हाटीत. चारी बाजूंनी एकच ओरडा, "बैल उधयला रे!" ते उधळणं म्हणजे बोल्ट. भीती, एकाएकी, आणि ताब्यातून सुटणं, तिन्ही त्यात आलं. तो कशाकडे पळत नव्हता, कशापासून तरी पळत होता.

मुळात बोल्ट म्हणजे आडव्या धनुष्यातून सोडायचा आखूड, जाड बाण. दाराचा बोल्ट त्याचाच भाऊबंद. शेतकऱ्याच्या पोरांना आणखी एक सांगा. कांद्याला डेंगळे येतात, पालक वेळेआधी फुलावर जातो, त्यालाही इंग्रजीत बोल्टच म्हणतात. पीक हातचं सुटलं! ज्याच्या घरी कांदा आहे, ते पोरगं हा शब्द जन्मात विसरत नाही.

वर्गात एखादा उसेन बोल्टचं नाव काढेलच. ते आडनाव आहे. २००९ साली बर्लिनला त्यानं १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, त्या धावण्याला स्प्रिंट म्हणतात. अंतर ठरलेलं, आणि त्यात होता नव्हता तेवढा जीव ओतायचा. आपल्या शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, जोडी हेच करते. सरळ रेषेत सुटली तोवर स्प्रिंट. बिथरून माणसांत घुसली की त्याच घटकेला बोल्ट. जनावरं तीच, वेगही तोच.

डार्ट म्हणजे आधी फेकून मारायचं टोकदार हत्यार. त्यामुळे डार्ट करणारा लहान, हलका आणि झटक्यात सरकणारा असतो. धुऱ्यावरून सर्रकन पलीकडे जाणारं मुंगूस आठवा. चोरट्या माणसाची नजरही डार्ट करते. डॅशमध्ये अंतर थोडं असतं आणि काम ठरलेलं. ढग भरून आले की अंगणातल्या कुरड्या उचलायला आई धावायची, तो डॅश.

मात्र डॅशपुढे माणूस ठेवताना जपून. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वडिलांना पान लागलं (साप चावला) म्हणून मी रजा मागितली. अर्जात लिहिलं, 'आय डॅश्ड माय फादर टू द हॉस्पिटल.' हेडमास्तरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "गुरुजी, बापाला दवाखान्यावर आपटलं का?" डॅशचा जुना अर्थ आपटणं, आणि पुढे कर्म आलं की तोच डोकं वर काढतो. तिथं 'रश्ड' हवं होतं. रशमध्ये मागून रेटा असतो. दवाखान्यात माणसाला रश करतात, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कंडक्टर 'लय रश हाय' म्हणतो, त्यातही रेटाच आहे. रेट्यात कामाचा विचका होतो, म्हणून 'डोन्ट रश' हा इशारा ठरतो, तर 'हरी अप' ही नुसती हाकाटी.

त्या बापाला एवढंच विचारा, "दादा, पोळ्यात तुमचा बैल लगबगीनं गेला, असं म्हणता का हो?" तो हसेल. गुण मात्र वाढवू नका.

आणि त्याच पेपरात उंदराच्या वाक्याला तुम्ही फक्त 'डार्टेड' बरोबर धरलंय. उंदीर तुरुतुरु बारीक पावलं टाकत भिंतीकडेनं गेला असेल तर त्याला 'स्करीड' म्हणतात. ज्यांनी ते लिहिलंय, त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील.